उरलेल्या हाताचा हिशेब

कामगारांस नुकसानभरपाई देण्याविषयीचा जो कायदा १९२३ साली हिंदुस्थानात मंजूर झाला, त्यास जोडलेले पहिले परिशिष्ट जेमतेम अर्ध्या पानाचे होते; परंतु मनुष्यदेहाकडे पाहण्याची सरकारदरबारची एक संपूर्ण नवी दृष्टी त्या अर्ध्या पानात सामावलेली होती. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर तुटला तर शेकडा ७०, डावा तसाच तुटला तर ६०, पाय गुडघ्यापासून वर गेला तर ६०, गुडघ्याखाली गेला तर ५०, श्रवणशक्ती कायमची नाहीशी झाली तर ५०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, आणि तर्जनीखेरीज दुसरे कोणतेही बोट, मग ते मधले असो वा करंगळी, शेकडा ५. इतकी कमाईची शक्ती त्या माणसातून कायमची वजा झाली असे समजावे, अशी कायद्याची आज्ञा होती. ही यादी वाचताना पहिल्याने लक्ष जाते ते साहजिकच गेलेल्या अवयवाकडे. पण ज्या अर्थी शंभरातून तीस वजा करावयाचे, त्या अर्थी सत्तर शिल्लक राहतात, हेही त्याच यादीने मान्य केलेले असते. ह्या सत्तरांचे पुढे काय करावयाचे, भरपाई घेणाऱ्याने उरलेल्या शक्तीने काम करावे की न करावे, आणि केले तर त्याच्या भरपाईस धक्का लागावा की न लागावा, हा प्रश्न गेल्या शतकभरात आपल्याकडे कसकसा सोडविला गेला, किंवा खरे म्हणजे कसकसा टाळला गेला, तेवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जखमेचे मोल करण्याची कल्पना परकीय अंमलाबरोबर आली, असे मात्र कोणी समजू नये. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत जिंजीस जी बखर लिहिली, तीत अफजलखानाच्या स्वारीनंतरची व्यवस्था सांगताना, लढाईत पडलेल्यांच्या मुलांचे चालविल्याची, ज्यांस पुत्र नाही त्यांच्या बायकांस निमे वेतन करून दिल्याची, आणि जखमी झालेल्यांस जखम पाहून २००, १००, ५० व २५ होन दिल्याची नोंद आहे. पेशवाईतही रणांगणी कामास आलेल्यांच्या मुलांलेकरांस ‘बालपरवेशी’ ह्या नावाने नेमणूक होत असे. जखम पाहून रक्कम ठरविण्याचा विचार तो हाच. मात्र होन घेणाऱ्याने पुन्हा चाकरीस उभे राहू नये, अशी काही अट त्या रकमेस होती असे बखरकार सांगत नाही.

गावगाड्यात तर देहाची मोजदाद करण्याचा प्रसंगच सहसा येत नसे. कारण वतनदारीच्या व्यवस्थेत हक्क जोडलेला असे तो घराण्याशी, एकेकट्या देहाशी नव्हे. कुळकर्णी दृष्टीने अधू झाला तर गुमास्ता ठेवून दप्तर चालवी. लोहाराचा हात निकामी झाला तर त्याचा मुलगा किंवा पुतण्या घण उचली, तो स्वतः भात्यापाशी बसे, आणि सुगीच्या वेळी खळ्यावरचे बलुते त्याच घरी येई. ह्या व्यवस्थेने माणसाच्या पायात जातीची बेडी ठोकली होती आणि ज्याला वतनच नव्हते त्याचे हाल कुत्रा खात नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु जो मनुष्य निम्मेच काम करू शकतो त्याने निम्मे काम करावे आणि उरलेले घरातील कोणी उचलावे, ह्यासाठी त्या काळी कोणाच्या दारी अर्ज घेऊन जावे लागत नसे, हेही तितकेच खरे आहे.

ही स्थिती पालटली ती गिरण्यांच्या आगमनाने. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी स्थापिली, दोन वर्षांनी ताडदेवास तिची चाती फिरू लागली, आणि पुढे पाहता पाहता परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सारा टापू धुराड्यांनी व भोंग्यांनी व्यापून गेला. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आणि कोकणपट्टीतून जो मनुष्य ह्या टापूत येई, त्याचे शेत, घर व भाऊबंद मागे गावी राहत. मुंबईत त्याचे भांडवल म्हणजे दोन हात. साचेखात्यात हे हात तुटलेला धागा जोडीत, धोटा भरीत, गाठ मारीत. आणि ह्याच खात्यात एखादे वेळी तो धोटा साच्यातून उसळून शेजारच्या माणसाच्या डोळ्यावर बसे. डोक्यावरून फिरणाऱ्या शाफ्टाचे पट्टे सदऱ्याची बाही धरून माणसास वर ओढीत, आणि कारडिंग खात्यातील दातेरी रुळांना कापूस कोणता नि बोट कोणते हे कळत नसे. ज्याचे बोट गेले त्याची जागा दुसऱ्या दिवशी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, भरून टाकी. कारण साचा थांबवून ठेवणे मालकास परवडत नसे, आणि माणसांची वाण नव्हती.

ह्या माणसांची बाजू कागदावर मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे हे सत्यशोधक अनुयायी स्वतः काही काळ गिरणीत नोकरीस होते आणि ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज त्या वेळी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे गेला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, आणि पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, ह्या मागण्या सर्वश्रुत आहेत. पण त्यांच्या जोडीने एक मागणी अशी होती की, कामावर असता ज्यास गंभीर दुखापत झाली त्यास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू झाला त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तजवीज व्हावी. एका वाक्यात दोन स्वतंत्र माणसे येथे वेगळी केली आहेत: एक, जो आज कामास असमर्थ आहे पण उद्या परतणार आहे, आणि दुसरा, ज्याची हानी कायमची आहे. ‘उदरनिर्वाहाची तजवीज’ हे शब्दही सहेतुक वाटतात, कारण तजवीज पैशाची होऊ शकते तशीच झेपेल अशा कामाचीही होऊ शकते.

योगायोग असा की, त्याच १८८४ साली बिस्मार्कच्या जर्मनीत अपघात-विम्याचा कायदा झाला आणि पूर्ण असमर्थ झालेल्या कामगारास वेतनाच्या दोन-तृतीयांश, तर अंशतः असमर्थास त्या प्रमाणात, असे निवृत्तिवेतन तेथे सुरू झाले. इंग्लंडने १८९७ मध्ये हे दायित्व मालकावर टाकले. आणि १९०६ च्या कायद्याने, हलके काम धरलेल्या कामगाराची साप्ताहिक भरपाई ही त्याची पूर्वीची मिळकत व आताची मिळकत यांतील फरकापेक्षा अधिक नसावी, असा दंडक घातला. आपल्याकडे मात्र लोखंड्यांच्या अर्जातील रविवारची सुटी १८९० मध्ये पदरात पडली, तरी जायबंदी माणसाची मागणी तशीच पडून राहिली. १८५५ च्या एका कायद्यान्वये मृताच्या वारसांस दिवाणी न्यायालयात दावा आणता येई, परंतु महिना पंचवीस-तीस रुपये मिळविणाऱ्याच्या विधवेने मालकाचा हलगर्जीपणा शाबीत करून दाखवावा, ही अपेक्षाच मुळी विपरीत होती. अखेरीस पहिल्या महायुद्धानंतर, संपांच्या लाटा उठून ओसरल्यावर आणि कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी मध्यवर्ती विधिमंडळात जाऊन बसल्यावर, १९२३ चा तो कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. अर्ज आणि अंमल यांच्यामध्ये ४० वर्षे गेली.

ह्या कायद्याचे यंत्र कसे चाले हे उदाहरणावाचून ध्यानी यावयाचे नाही. महिना ३० रुपये मिळविणारा एक साचेवाला डोळ्यांपुढे आणावा. तो सर्वस्वी व कायमचा निकामी झाला तर ४२ महिन्यांचा पगार, म्हणजे १,२६० रुपये, एवढी त्याची भरपाई. कोणाचाही पगार कितीही मोठा असला तरी ही रक्कम ३,५०० च्या पलीकडे जावयाची नाही. हानी अंशतः असेल तर परिशिष्टातील शेकडेवारी ह्या रकमेस लावावयाची: उजवा हात गेल्यास ८८२ रुपये, अंगठा गेल्यास ३१५, तर्जनी गेल्यास १२६, आणि करंगळी गेल्यास ६३. मालकाने ह्याहून कमी रकमेवर कामगाराशी परभारे तडजोड करू नये म्हणून असा करारनामा कमिशनरच्या दप्तरी नोंदवावा लागे. त्यावर कामगार सही म्हणून अंगठा उठवी. आणि ज्याचा दावा अंगठ्याचाच असे, त्याने कोणत्या बोटाचा ठसा द्यावयाचा, हे कारकुनास त्या घडीला ठरवावे लागे.

परंतु ह्या लेखाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे ती तात्पुरत्या असमर्थतेची व्यवस्था. अपघातानंतरचे पहिले १० दिवस भरपाईवाचून काढावयाचे, पुढे १९३३ च्या दुरुस्तीने हे दिवस ७ झाले. त्यानंतर दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चौथा हिस्सा किंवा १५ रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती, फार तर पाच वर्षांपर्यंत. आमच्या साचेवाल्यास ह्या हिशेबाने पंधरवड्यास साडेसात रुपये येत, म्हणजे निम्मा पगार. आता ह्या कलमास खाली एक परंतुक जोडलेले होते. त्याचा आशय असा की, अपघातापूर्वीच्या मासिक वेतनाच्या निम्म्यातून अपघातानंतर तो जे वेतन मिळवीत असेल त्याचे निम्मे वजा करावे, आणि जी बाकी उरेल तिच्याहून पंधरवड्याची भरपाई अधिक नसावी. वाक्य वकिली आहे. पण ते आकड्यांत मांडून पाहिले म्हणजे त्यातला न्याय दिसू लागतो. आमच्या साचेवाल्याने घरी बसून राहावयाचे ठरविले तर त्यास पंधरवड्यास साडेसात रुपये. त्याने कोठे झाडलोटीचे वा राखणीचे काम धरून महिना १० रुपये मिळविले, तर पंधरवड्याचे ५ अधिक भरपाईचे साडेसात, एकूण साडेबारा. महिना १५ मिळविले तर साडेसात आणि साडेसात मिळून १५, म्हणजे पूर्वीइतकाच पगार. तोवर भरपाईतून एक पैही कमी होत नाही. महिना २० मिळविले तर मात्र भरपाई ५ वर येते, परंतु बेरीज १५ ची १५ च राहते. सारांश, अर्धेमुर्धे काम करणारा मनुष्य रिकामा बसणाऱ्यापेक्षा कोणत्याही टप्प्यावर तोट्यात जात नसे. रकमेच्या बाबतीत हा कायदा कंजूष होता, पण काम आणि भरपाई यांना त्याने एकमेकांचे वैरी केलेले नव्हते.

दुर्दैवाने कायद्याने जे दार किलकिले ठेवले, त्याच्या पलीकडे गिरणीत खोलीच नव्हती. गिरणीची पाळी एक तर पूर्ण भरावयाची, नाही तर खाडा पडावयाचा. अर्धी पाळी नावाची वस्तू भोंग्यास ठाऊक नव्हती. ‘हलके काम’ हा शब्द न्यायालयात जितका सुलभ, तितका खात्यात दुर्मिळ. कारण हलकी कामे थोडी, आणि त्यांवर मुकादमाच्या मर्जीतली माणसे आधीच बसलेली. मग जायबंदी मनुष्य काय करी? सहा महिने पंधरवड्याची भरपाई चालली की उभय पक्षांपैकी कोणासही तिचे एकरकमी रूपांतर करण्याची दरखास्त करता येई; ती रक्कम हाती येताच पठाणाचे व्याज आणि खानावळीची बाकी भागवून जे उरे ते घेऊन तो बोटीने गावी जाई. जो मुंबईतच राही त्याच्यासाठी अर्धवेळ कामाचा एकच प्रकार उपलब्ध होता, तो म्हणजे बदलीचा. रोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे राहावयाचे, कायम माणसाचा खाडा पडला तर त्याच्या जागी आत जावयाचे, नाही तर परत फिरावयाचे. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत ह्या बदलीवाल्यांना दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा ह्या अनिश्चिततेलाही एक प्रकारचे शिस्तीचे रूप आले. महिन्यातून दहा-बारा दिवस काम मिळविणारा हा मनुष्य गणिताने अर्धवेळ कामगारच होता. फरक इतकाच की, कोणता अर्धा वेळ काम करावयाचे हे त्याच्या प्रकृतीवर नव्हे, तर दुसऱ्याच्या गैरहजेरीवर ठरे.

पुढे भरपाईची जागा विम्याने घेतली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असता, प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य-विम्याची योजना सादर केली; तिच्यावर संस्कार होऊन १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे त्याचा प्रारंभ झाला, आणि १९५४ मध्ये तो मुंबईत आला. दवाखाना, औषध, आजारपणातील भत्ता, आणि कायमच्या हानीसाठी एकरकमेऐवजी आजन्म निवृत्तिवेतन, असा हा थोर पालट होता; मालकाच्या पाठीमागे धावण्याचा वनवास त्याने संपविला. कायमच्या अंशतः हानीचे निवृत्तिवेतन घेणाऱ्याने पुन्हा नोकरी करू नये, अशीही अट त्यात नव्हती. परंतु तात्पुरत्या असमर्थतेच्या भत्त्यास ६३ व्या कलमाने एक कुंपण घातले: ज्या दिवशी मनुष्य काम करील त्या दिवसाचा भत्ता त्यास मिळणार नाही. लबाडीस आळा बसावा हा त्यातील हेतू समजण्यासारखा आहे, कारण एकीकडे आजारीपणाचा दाखला आणि दुसरीकडे हजेरी, असा दुहेरी व्यवहार कोणताही विमा सोसू शकत नाही. पण कलमाने मोजण्याचे माप म्हणून दिवस धरला. तास धरला नाही, मिळकतही धरली नाही. हाताची पट्टी सुटलेली आहे, दोनच तास बसवते, अशा माणसाने दोन तास काम केले तरी संपूर्ण दिवस बुडाला. १९२३ चे परंतुक मिळकतीतून मिळकत वजा करीत होते. १९४८ चे कलम दिवसातून दिवस वजा करू लागले. डॉक्टरच्या दाखल्यावर ‘कामास असमर्थ’ किंवा ‘कामास योग्य’ असे दोनच शेरे राहिले, आणि त्या दोन शेऱ्यांच्या मध्ये जो कित्येक महिन्यांचा काळ मनुष्य खरोखर जगत असतो, त्यास नाव उरले नाही.

परिशिष्टातील शेकडेवारीही दरम्यान बदलली. पुढे झालेल्या दुरुस्तीने यादी लांब झाली, अंगठा २५ वरून ३० वर आणि तर्जनी १० वरून १४ वर गेली, आणि उजव्या व डाव्या हातातील भेद पुसला गेला. पण सुताराचे बोट आणि हमालाचे बोट यांस एकच दर लावण्याचा दोष शेकडे वाढवून जाण्यासारखा नव्हता. तो उघडकीस आला तो ओरिसातील एका सुताराच्या दाव्यात. काम करताना पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, यादीप्रमाणे ही हानी अंशतः आहे. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब ही हानी शेकडा १०० समजली पाहिजे. हा निर्णय योग्य होता आणि त्याने पुढे असंख्य कामगारांचे कल्याण केले. तथापि त्याचा एक गर्भितार्थ नजरेआड करता येत नाही: पूर्ण भरपाईचा मार्ग आता आपण संपूर्ण निकामी आहोत असे शाबीत करण्यातून जाऊ लागला, आणि ज्याला उरलेल्या हाताने काही करून दाखविण्याची उमेद आहे, त्याची उमेदच प्रतिपक्षाच्या वकिलास पुराव्यादाखल उपयोगी पडू लागली.

गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उजाड झाले, भोंगे थांबले, आणि ज्यांस ना मालक ना विमा अशा अपंगांची गाठ आता थेट तहसील कचेरीशी पडते. सरकारी नोकरीत असता अपंगत्व आलेल्यास कामावरून काढू नये, दुसऱ्या पदावर त्याच वेतनाने घ्यावे, असे २०१६ च्या कायद्याचे बंधन आहे. खाजगी शिवणकाम करणाऱ्यास त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तीत अपंगत्व किमान शेकडा ४० असल्याचा दाखला लागतो, आणि त्याबरोबर उत्पन्नाचा दाखलाही लागतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा बरीच वर्षे २१,००० रुपये होती, म्हणजे महिना १,७५०. महिन्यात २५ दिवस काम धरले तर दिवसास ७० रुपये. ७० पर्यंत अनुदान पुरे, आणि ७१ व्या रुपयास सगळेच जाणार. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या परंतुकात भरपाई पायरीपायरीने उतरत होती. येथे पायऱ्या नाहीत, एकदम कडा आहे.

म्हणून कचेरीबाहेरच्या झाडाखाली अर्जनवीस बसलेला असतो आणि त्याच्यासमोर कुबडी टेकवून कोणी बसलेला असतो, तेव्हा नाव, वय, पत्ता हे रकाने भराभर भरले जातात, आणि ‘व्यवसाय’ ह्या रकान्यापाशी लेखणी थांबते.

“काय करता, दादा?”

“सकाळी दोन-तीन तास मशीनवर बसतो. ब्लाउज, परकर असं येतं काहीबाही. जास्त बसवत नाही.”

अर्जनवीस क्षणभर त्याच्याकडे पाहतो. त्याने असे अनेक अर्ज लिहिलेले असतात. कोणता मंजूर होतो आणि कोणता परत येतो, हे त्यास अनुभवाने पाठ झालेले असते.

“मग ‘काही नाही’ लिहितो,” तो म्हणतो, आणि लिहून टाकतो.